उसाच्या चिपाडाची चुंबकीय पूड आणि पंचगंगेचं रंगीत पाणी: खरंच जमेल का?

नदीकाठची | रविवार, रात्री ९.१५

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला, इचलकरंजीच्या खालच्या अंगाला. उन्हाळ्यात धार तुटली की बंधाऱ्यात काळं पाणी साठून राहतं आणि मासे उलटे होऊन वर येतात. ज्या घाटावर मी आईबरोबर गोधड्या धुतल्या, तिथं आता म्हशीही तोंड लावत नाहीत.

आता विषयाकडे येते. माझी पुतणी एम.एस्सी. करते आहे. गेल्या रविवारी ती घरी आली आणि तिनं आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात गोळा केलं. काचेच्या बाटलीत निळंशार पाणी, त्यात चमचाभर काळी पूड. बाटली पंधरा मिनिटं हलवली आणि जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक बाहेरून काचेला लावला. पूड सरसर एका बाजूला गेली आणि उरलेलं पाणी अगदी नितळ! सासूबाई म्हणाल्या, "निवळीचं बी फिरवल्यागत झालं की गं."

पूड उसाच्या चिपाडापासून केली आहे म्हणे. चिपाड जाळून कोळसा केला आणि त्यावर चुंबकीय लोखंड बसवलं. आमच्याकडे उसाला काय तोटा? मग इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या, म्हणजे प्रोसेस हाऊसच्या, रंगीत सांडपाण्याला हे का वापरत नाहीत? पैसा आडवा येतो, की आणखी काही अडचण आहे? जाणकारांनी सांगा. मी कला शाखेची, तेव्हा जरा सोपं करून.

कोरा_तागा | रविवार, रात्री ९.४०

ताई, आधी एक सांगा. बाटलीत कुठला रंग होता?

नदीकाठची | रविवार, रात्री ९.५२

तिला फोन करून विचारलं. मिथिलीन ब्लू.

कोरा_तागा | रविवार, रात्री १०.०५

मला वाटलंच. प्रोसेस हाऊसचं पाणी वाहून नेणाऱ्या ओढ्यात तो रंग नसतो. सविस्तर सकाळी लिहितो.

गोधडी | रविवार, रात्री १०.३०

वाचतेय. स्पीकरचा चुंबक काढायची युक्ती आवडली. आमच्या घरात तीन बंद पडलेले स्पीकर आहेत, मुलांना सुट्टीत उद्योग मिळाला.

कोरा_तागा | सोमवार, सकाळी ७.२०

आता सविस्तर. मी तेवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, मुलांचे असले प्रकल्प पुष्कळ पाहिले. आधी कौतुक: मुलीनं केलेलं काम खरं आहे, त्यात हातचलाखी काही नाही.

कोळशाला अगणित छिद्रं असतात आणि रंगाचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटतात. ही जुनी विद्या आहे. अडचण नेहमी पुढच्या पायरीवर यायची. बारीक पूड पाण्यात कालवली की ती परत बाहेर काढायची कशी? गाळण्या तुंबतात, निवळायला तासन्‌तास लागतात. चुंबकाचा उपयोग तिथं. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं काळं ऑक्साइड. त्याचे कण वीसेक नॅनोमीटरहून लहान असले की चुंबक जवळ आणल्यावर ते खेचले जातात आणि चुंबक दूर नेला की त्यांच्यात चुंबकत्व उरत नाही, म्हणजे एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होत नाहीत. पूड परत पाण्यात मोकळी होते.

म्हणजे रंग धरतो तो कोळसा. चुंबक फक्त पूड गोळा करतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

आता रंगाचं. मिथिलीन ब्लूवर धन भार असतो आणि चिपाड, टरफलं, तूस, पालापाचोळा यांच्या पृष्ठभागावर साध्या पाण्यात बहुधा ऋण भार. दोघं एकमेकांकडे धावतातच. शिवाय हा रंग स्वस्त, आणि प्रकाशमापकावर ६६४ नॅनोमीटरला नेमका मोजता येतो, म्हणून प्रयोगशाळेत सगळ्यांचा आवडता. पण इचलकरंजीत सुती कपड्याला रिॲक्टिव्ह रंग लागतात. त्यांच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे ऋण भार. ऋणाला ऋण ढकलणारच.

जिगरवाला | सोमवार, दुपारी १.१०

सरांनी नेमकं बोट ठेवलं. मी डाईंग मास्टर, सव्वीस वर्षं जिगर आणि सॉफ्ट फ्लो या कापड रंगवायच्या यंत्रांवर काढली. आमच्या गटारात काय काय येतं ते सांगतो, म्हणजे ताईंना अंदाज येईल.

कोरा कपडा आला की आधी त्याची सायझिंगची खळ, म्हणजे विणण्याआधी सुताला लावलेली, काढायची. ती सगळी पाण्यात. मग कॉस्टिक सोड्यात उकळायचा, मग पेरॉक्साइडनं ब्लीच. त्यानंतर रंग. रिॲक्टिव्ह रंगाला मीठ लागतं, गडद शेडला लिटरला ऐंशी-नव्वद ग्रॅमपर्यंत. कशाला? तर सूत आणि रंग दोघांवरही ऋण भार, दोघं एकमेकांना ढकलतात, म्हणून मीठ घालून रंगाला सुताकडे ढकलावं लागतं. मग सोडा घालून पीएच (सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) साडेदहा-अकराला नेला की रंग सुताशी पक्का बांधला जातो. पण सगळाच बांधला जात नाही. काही रंग पाण्याशीच जुळून वाया जातो, तो परत सुताला लागत नाही. गडद लाल, काळा, टर्क्वाइज यांत वाया जाणारा भाग जास्त. मग साबणाच्या पाण्यानं चार-पाच धुण्या.

तर तुमच्या पुडीपुढं येणार ते गरम, खारट, सोड्याचं, खळ आणि साबण मिसळलेलं पाणी. बाटलीतल्या पाण्याशी त्याचं काही नातं नाही.

पोरीचं मन मोडायला हे लिहीत नाही बरं का. मला स्वतःला असलं काही निघावं असं फार वाटतं. बाप सांगायचा, त्यांच्या वेळी सुट्टी झाली की पोरं नदीत उड्या मारायची. मी माझ्या पोराला कधी पाण्यात उतरू दिलं नाही.

तळेगावकर | सोमवार, दुपारी २.४५

थोडं अवांतर. २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री दिसली होती, आठवतंय? कासाडी नदीच्या भागातली. अंगावर निळा रंग बसलेली भटकी कुत्री, सगळ्या वाहिन्यांवर फोटो. आणि डोंबिवलीत २०१४ चा हिरवा पाऊस, २०२० मधला गुलाबी रस्ता. मी तेव्हा डोंबिवलीतच होतो. धाकटी चप्पल हातात घेऊन आली आणि म्हणाली, बाबा, होळी लवकर आली का. हसावं की काय करावं, सुचलं नव्हतं.

शिवार | सोमवार, संध्याकाळी ६.३०

ताई, "उसाला काय तोटा" म्हणालात, तिथं थोडं अडतं. चिपाड आता फुकट नाही. साखर कारखाने ते, म्हणजे बगॅस, जाळून वीज करतात, कागद कारखान्यांनाही विकतात. चार पैसे मिळणारा माल पुडीसाठी कोण देईल?

दोन गोष्टी मात्र खरंच वाया जातात. पहिली, पाचट. तोडणी झाली की आजही कितीतरी फडांत ते पेटवून देतात. दुसरी, कारखान्याच्या बॉयलरची राख. बगॅसच्या राखेत न जळलेला कोळसा बराच असतो, आमच्याकडे ती खड्ड्यात नाहीतर विटभट्टीला जाते. पुतणीला त्या राखेवर प्रयोग करायला सांगा. कोळसा करायचा जाळणखर्चही वाचेल.

प्रयोगवही | सोमवार, रात्री ८.५०

@शिवार, राखेचा मुद्दा अगदी बरोबर. आपल्या देशात बगॅसच्या राखेनं रंग आणि इतर प्रदूषकं काढायचं काम बरंच झालेलं आहे.

मी पीएच.डी.ला याच विषयावर आहे, माझा कच्चा माल भुईमुगाची टरफलं. करण्याच्या दोन पद्धती सांगते. पहिली: फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन प्रमाणात पाण्यात घ्यायचे, त्यात कोळशाची पूड ढवळत ठेवायची आणि हळूहळू कॉस्टिक सोडायचं. काळा साका पुडीवरच बसतो. फेरस क्षार म्हणजे आपला साधा हिराकस. दुसरी: टरफलं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात भिजवून वाळवायची आणि हवा बंद करून पाचशे-सहाशे अंशांना भाजायची. कोळसाच लोखंडाच्या तांबड्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन थोडा ओढून घेतो आणि काळं मॅग्नेटाइट तयार होतं. एकाच भट्टीत दोन्ही कामं.

पहिल्या वर्षी माझ्या भट्टीचं झाकण नीट बसलं नव्हतं. रात्रभर भाजून सकाळी उघडलं तर पूड विटकरी. चुंबक लावला, ढिम्म हलेना. तांबडा हेमॅटाइट झाला होता. अख्खा महिना त्यात गेला.

कोरा_तागा सरांच्या मुद्द्यावर: ऋण रंगासाठी पृष्ठभागाचा भार उलटा करता येतो. पाण्याचा पीएच आम्लाकडे नेला तर पृष्ठभाग धन होतो आणि रिॲक्टिव्ह रंगही चिकटतो. पण फार आम्ल केलं तर मॅग्नेटाइटच विरघळायला लागतं आणि पाण्यात लोखंड उतरतं. दुसरा मार्ग म्हणजे पुडीवर धन भाराचा लेप. शेवग्याच्या बियांत धन भाराचं प्रथिन असतं, त्यानंच गढूळ पाणी निवळतं. ते मॅग्नेटाइटवर बसवण्याचे प्रयोग झालेले आहेत. म्हणजे निवळीची आठवण काढणाऱ्या तुमच्या सासूबाई विषयाच्या फार जवळ होत्या.

गोधडी | सोमवार, रात्री ९.०५

सासूबाईंना +१

ताळेबंद | मंगळवार, सकाळी १०.१५

मी सांडपाणी प्रकल्पांचे आराखडे करतो. कागदावर एक साधा हिशोब मांडू.

समजा एका प्रोसेस हाऊसचं दिवसाला १ लाख लिटर पाणी, आणि प्राथमिक प्रक्रियेनंतर त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम रंग उरला. म्हणजे दिवसाला ५ किलो रंग. पूड खऱ्या पाण्यात ग्रॅममागे ५० मिलिग्रॅम रंग धरते असं धरा. म्हणजे रोज १०० किलो पूड, महिन्याला ३ टन. आणि वापरल्यावर ती ओली, अधिक जड.

ती ३ टन पूड कुठं टाकणार? रंगानं भरलेली पूड धोकादायक कचऱ्यात मोडणार. उकिरड्यावर टाकली तर पहिल्या पावसात रंग परत ओढ्याला. ती पैसे भरून अधिकृत विल्हेवाट केंद्रावर पाठवायला हवी, नाहीतर सिमेंटच्या भट्टीत जाळायला.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच: पूड किती वेळा परत वापरता येते? एकदाच वापरायची असेल तर नदीतला रंग उचलून आपण जमिनीवर ठेवला, एवढंच झालं.

जिगरवाला | मंगळवार, सकाळी ११.००

आणि हे सगळं छोट्या प्रोसेसरनं कसं सांभाळायचं? आमच्याकडे आज हिराकस आणि चुना घालूनच रंग पाडतात. गाळाचे ढीग आधीच आहेत.

ताळेबंद | मंगळवार, सकाळी ११.२०

बरोबर, तुलना त्याच्याशीच करायला हवी. हिराकस-चुन्याचा गाळ पाण्यानं फुगलेला आणि प्रचंड असतो. शिवाय पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग त्यानं चांगले खाली बसतात, पण पाण्यात पूर्ण विरघळलेले रिॲक्टिव्ह रंग तितके खाली बसत नाहीत. पुडीचा गाळ कमी आणि घट्ट निघेल. तिची बाजू तिथं भक्कम आहे.

प्रयोगवही | मंगळवार, दुपारी ३.३०

परत वापरण्याबद्दल: रंग सोडवून घेता येतो. मिथिलीन ब्लू आम्लात किंवा अल्कोहोलमध्ये सुटतो, ऋण रंग सोड्याच्या पाण्यात. पण प्रत्येक फेरीला पुडीची ताकद थोडी उतरते आणि सुटलेल्या दाट रंगाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

मला जास्त आशा वाटते ती वेगळ्या वाटेची. पुडीवर लोखंड आहेच, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तर फेंटन क्रिया होते. फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवलेली. त्यातून निघणारे हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे फार क्रियाशील कण, पुडीवरच्या रंगाचे तुकडे करतात. म्हणजे पूड रंग गोळा करते आणि जागच्या जागी तो मोडतेही. पेरॉक्साइड तर ब्लीचसाठी प्रत्येक प्रोसेस हाऊसमध्ये असतंच.

आणि एक, रंग दिसेनासा झाला म्हणजे विष गेलं असं समजू नका. ॲझो रंगात दोन नायट्रोजनची जोडी असते. ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू ती तोडतात, रंग जातो, पण मागं बिनरंगाची अमाईन्स उरतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक. आपल्याकडे असली अमाईन्स देणाऱ्या शंभराहून अधिक रंगांवर १९९७ पर्यंत बंदी आली ती याच कारणानं. पूड अख्खा रेणूच उचलते, हा तिचा मोठा गुण आहे.

मंजिष्ठा | मंगळवार, संध्याकाळी ५.१५

एवढी खटपट करण्यापेक्षा नैसर्गिक रंगच वापरावेत ना? हळद, मंजिष्ठा, नीळ, डाळिंबाची साल. पूर्वी सगळं यातच होत होतं.

जिगरवाला | मंगळवार, संध्याकाळी ५.५०

मंजिष्ठाताई, मला ते रंग मनापासून आवडतात. पण वीस हजार मीटरचा लॉट एकाच शेडमध्ये, धुतल्यावर न उतरणारा, उन्हात न विटणारा, तोही हप्त्यात हवा असतो. आणि नैसर्गिक रंग बसायला रंगबंधक लागतोच. तुरटी चालेल, पण क्रोमचा क्षार वापरला तर नदीला त्याचा त्रास उलट जास्त.

नोय्यलकाठी | मंगळवार, रात्री १०.१०

नोकरीनिमित्त चौदा वर्षं तमिळनाडूत, होजिअरी कपड्यांच्या तिरुपूरला आहे. इथली गोष्ट इचलकरंजीकरांनी ऐकायलाच हवी. नोय्यल नदीवर ओरत्तुपाळयम इथं शेतीसाठी धरण बांधलं आणि त्यात रंगाईचं पाणी साठलं. शेतकऱ्यांनी ते पाणी शेतीला नको म्हणून सांगितलं, विहिरी खाऱ्या झाल्या. शेवटी मद्रास उच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये रंगाईचे कारखाने बंद करायचा आदेश दिला. तेव्हाचे दिवस जुने कामगार अजून सांगतात, किती माणसं गाव सोडून गेली ते.

त्यानंतर इथं पाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही ही पद्धत काटेकोर पाळली जाऊ लागली. जैविक प्रक्रिया, मग रिव्हर्स ऑस्मोसिस (आरओ), उरलेलं खारं पाणी आटवायचं, मीठ परत रंगाईला. खर्च आणि वीज भरपूर. पण मिठाचा बंदोबस्त त्यानंच झाला. तुमची पूड रंग काढेल, मिठाचं काय? मीठ तिला चिकटत नाही.

शिवार | बुधवार, सकाळी ६.४०

हे वाचून झोप उडाली. शिरोळात आधीच अतिपाण्यानं जमिनी क्षारपड झाल्यात, तो दोष आमचा आम्ही मान्य करतो. पण त्यात वरून खारं पाणी आलं तर उरलंसुरलं जाईल. लिटरला २१०० मिलिग्रॅमच्या वर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, असलेलं पाणी सोडायचं नाही असा नियम असताना आमच्या वाट्याला काय येतं ते आम्हाला माहीत आहे.

कोरा_तागा | बुधवार, सकाळी ९.३०

एक सावधगिरी. मासे मरतात त्याचं खापर एकट्या रंगावर फोडू नका. मासे बहुतेक वेळा पाण्यातला ऑक्सिजन संपून मरतात आणि तो संपवतात शहरांचं मैलापाणी, खळ, मळी असले सेंद्रिय पदार्थ. २०१२ ची इचलकरंजीची काविळीची साथही मैलापाण्याची, रंगाची नव्हे. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून आरोप आधी त्याच्यावर येतो. रंग सूर्यप्रकाश अडवतो, पाणवनस्पतींना मारतो, त्यातले काही घटक विषारी असतात, हे खरंच. पण पुडीनं नदी शुद्ध होईल असं कुणी म्हणालं तर मी हरकत घेईन. नदीत पूड टाकायची तर नाहीच नाही. चुंबकातून निसटलेले नॅनोकण पुढं कुठं जातील? ती कारखान्याच्या भिंतीच्या आत, टाकीतच वापरायची वस्तू आहे.

ताळेबंद | बुधवार, सकाळी १०.४५

सरांशी सहमत. टाकीत कुठं, यावर माझं मत: सगळ्यात शेवटी. जैविक प्रक्रियेत खळ-साबण खाल्ले जातात, पीएच उतरलेला असतो, तेव्हा पुडीची छिद्रं रंगासाठी मोकळी राहतात. सोडायच्या पाण्यात रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एककं (पाण्याचा रंग मोजायचं माप) आहे, तिथपर्यंतचा शेवटचा टप्पा गाठायला पूड बरी. आणि मोठ्या प्रमाणावर चुंबकानं पूड काढणं अशक्य नाही, चिनी मातीतले लोखंडाचे अंश काढायला तशी यंत्रं कित्येक दशकं चालू आहेत.

जिगरवाला | बुधवार, दुपारी १.२५

मला पटत नाही, साहेब. शेवटी लावायची म्हणजे सगळं १ लाख लिटर तिच्यातून न्यायचं. त्यापेक्षा पहिलंच पाणी वेगळं काढा. रंगाच्या हौदातलं पहिलं सोडपाणी थोडं असतं, पण जवळजवळ सगळं मीठ आणि बराचसा वाया गेलेला रंग त्यातच. आज ते धुण्याच्या पाण्यात मिसळून आपणच घाण वाढवतो. ते वेगळ्या पाईपनं वेगळ्या टाकीत घेतलं आणि पुडीनं त्यातला रंग काढला, तर खाली राहील ते स्वच्छ मिठाचं पाणी. पुढच्या लॉटला वापरायचं! नोय्यलकाठींच्या मिठाचा प्रश्नही तिथंच सुटायला लागेल.

नोय्यलकाठी | बुधवार, दुपारी २.००

जिगरवाले काका, हे फार मोलाचं बोललात. इथं मिठाचं पाणी परत वापरतातच. अडचण एकच: त्यात रंगाचा अंश राहिला तर फिक्या शेडला डाग पडतात. गडद शेडला चालून जातं.

ताळेबंद | बुधवार, दुपारी २.४०

माझं मत बदलायला हरकत नाही. फक्त त्या पाण्यात एवढं मीठ आणि सोडा असताना पूड रिॲक्टिव्ह रंग धरते का, हे आधी पाहायला हवं. मीठ भाराची ओढ कमी करतं, त्याबरोबर ढकलणंही. निकाल कुठं झुकेल ते प्रयोगच सांगेल.

प्रयोगवही | बुधवार, रात्री ९.२०

माझ्या पुडीवर मी खारट पाण्याचा एकच प्रयोग केला होता, काँगो रेडवर. तोही ऋण भाराचा. साधं मीठ घातल्यावर रंग कमी न होता थोडा जास्तच चिकटला. पण ते ऊर्ध्वपातित पाण्यात, साबण-खळीशिवाय. त्यावरून जिगरच्या पाण्याबद्दल बोलायची माझी हिंमत नाही.

नदीकाठची | शुक्रवार, रात्री ८.३०

तीन दिवस सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले, घरी सासूबाईंना आणि फोनवर पुतणीला. पुतणी हिरमुसेल अशी मला भीती होती. ती उलट वही घेऊनच बसली.

ओळखीच्या एका प्रोसेस हाऊसमधून काल तिनं पाण्याची बाटली मिळवली आणि घरी आणली, गडद लाल रंगाच्या धुणीची. जशीच्या तशी पूड टाकली. पाणी लालच राहिलं. फरक आम्हाला तर दिसला नाही. मग तिनं पीएच पाचच्या आसपास आणला आणि ताजी पूड टाकली. लाल उतरून फिकट गुलाबी झालं. पूर्ण गेला नाही, पण उतरला. तिचा चेहरा त्या निळ्या बाटलीच्या वेळी नव्हता इतका फुलला होता.

आता तिला शेवग्याच्या बियांचा लेप करून पाहायचा आहे, आणि शिवारदादांच्या राखेवर काम करायचं आहे. शेवग्याच्या शेंगा परसात आहेत, वाळत घातल्या. राख कुठं मागायची?

शिवार | शुक्रवार, रात्री ८.५५

पोतंभर आणून देतो, ताई. बॉयलरच्या मागची, कोरडी. पावसात भिजलेली नको ना?

प्रयोगवही | शुक्रवार, रात्री ९.१०

कोरडीच हवी. आधी चाळून, धुऊन, परत वाळवायला सांगा तिला. आणि प्रत्येक वेळी पूड काढल्यावर पाण्यातलं लोखंड मोजायला विसरू नकोस म्हणावं. माझ्या विभागात उपकरण आहे, नमुने पाठवले तर मी मोजून देईन.

जिगरवाला | शुक्रवार, रात्री ९.४५

पोरीला सांगा, धुणीचं पाणी नको, हौदातलं पहिलं सोडपाणी घे. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे नेव्ही ब्लूचा लॉट आहे. पाच लिटरचे दोन कॅन घेऊन या, झाकण घट्ट बसणारे. पाणी गरम असतं, हातमोजे आणा. मालकांशी मी बोलून ठेवतो.